अर्जदार कोण?

प्रवेशाच्या दिवसांत पालकांचे बोलणे कान देऊन ऐकले तर एक गंमत ध्यानात येते. "आम्हांला ब्याण्णव टक्के पडले." "आमचा फॉर्म कालच भरून झाला." "आम्ही सायन्सच घेणार." पेपर लिहिले मुलाने, बोटे दुखली मुलाची, जागरणे झाली मुलाची; पण टक्के पडले ते मात्र 'आम्हांला'! आपली मराठी या बाबतीत मोठी काटेकोर आहे. 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात येतो. 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. गृहस्थ माझ्याशी बोलत असतात तेव्हा मी त्या 'आम्ही'च्या बाहेर राहावे हे योग्यच आहे. पण शेजारी मान खाली घालून उभा असलेला पोरगा, ज्याच्या नावाचा तो अर्ज असतो, तो आत आहे की बाहेर, हे काही केल्या उमगत नाही.

एका ज्युनिअर कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षे शिकवले आणि त्यांतले बहुतेक उन्हाळे प्रवेशाच्या टेबलामागे काढले. आता निवृत्त झालो. तरी मे महिना उजाडला की ओळखीपाळखीची माणसे मुलांना घेऊन घरी येतात. त्यांच्या प्रश्नांचा मथितार्थ एकच असतो: या कामात आई-बापांनी मुलाला मदत करावी ती किती?

यावर दोन टोकांचे सल्ले बाजारात फुकट मिळतात. एक पक्ष म्हणतो, "मुलांना मोकळे सोडा, त्यांचे ती बघतील." दुसरा म्हणतो, "सोळा वर्षांच्या पोराला काय कळते? सगळे आपणच बघावे." माझ्या मते दोघांचाही प्रश्नच चुकला आहे. मदत किती, हे शेरा-मापट्याने मोजता येत नाही. मदत कशात, हे पाहिले पाहिजे. प्रवेशाच्या कामाचे दोन भाग असतात. एक भाग आई-बापांवाचून होऊच शकत नाही, आणि दुसरा भाग आई-बापांना करताच येत नाही. मौज अशी की, पुष्कळ घरांत पहिला भाग राहून जातो आणि दुसरा मोठ्या हौसेने केला जातो.

हे लचांड आले कोठून?

आजच्या पालकांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात १९७५ पर्यंत अकरावीला मॅट्रिक होऊन मुलगा कॉलेजात जात असे. त्या वर्षी दहावीची शालान्त परीक्षा आली, अकरावी-बारावीची ज्युनिअर कॉलेजे आली आणि शास्त्र, वाणिज्य की कला हा फाटा एक वर्ष अलीकडे सरकला. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने आयुष्याची दिशा ठरवावयाची म्हटल्यावर घरच्यांना काळजी वाटणारच.

तरी त्या काळी अर्ज साधा असे. कॉलेजच्या खिडकीशी रांग लावून फॉर्म घ्यावा, शाईने भरावा, गुणपत्रिकेची खरी नक्कल जोडावी, आणि फलकावर यादी लागली की गर्दीत मान उंचावून आपले नाव शोधावे. वडिलांचा संबंध सही आणि फी एवढ्यापुरता. कित्येक वडिलांना मुलाने कोणता विषय घेतला हे पहिले सत्र संपल्यावर कळे, आणि त्यावाचून त्यांचे काही अडत नसे.

पुढे अकरावीचे प्रवेश संगणकावर आले. मोठ्या शहरांपासून सुरुवात झाली आणि २०२५-२६ या वर्षी साऱ्या राज्याचे अकरावीचे प्रवेश एकाच केंद्रीय पद्धतीने झाले. फॉर्मचे दोन भाग, कागद तपासणी, एकापासून दहापर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम, मग फेऱ्यांमागून फेऱ्या. त्यातून नियम स्थिर असतील तर शपथ! २००९ मध्ये शालान्त मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा सरकारी निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. २०२१ मध्ये अकरावीसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने तीही रद्द ठरवली. मुले तोवर तिच्या अभ्यासाला लागलेली! अशा दिवसांत बाप रात्री दोन वाजता संकेतस्थळ उघडून बसला तर त्याला हसू नये. तो काळजीने बसलेला असतो. फक्त ती काळजी योग्य जागी खर्ची पडावी, एवढेच माझे म्हणणे.

जे आई-बापांवाचून होत नाही

पहिला भाग कागदांचा. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता प्रमाणपत्र. ही नावे नुसती उच्चारली तरी निम्म्या महाराष्ट्राच्या कपाळाला आठी पडते. यांतला एकही कागद सोळा वर्षांचा मुलगा स्वतःच्या बळावर उभा करू शकत नाही. नॉन-क्रिमीलेअरसाठी आई-बापांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. आणि जातवैधतेसाठी तर घराण्याचा इतिहास लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा समिती मागते. म्हणजे मुलाने इंजिनिअर व्हावयाचे, आणि त्यासाठी आजोबांनी चौथीत असताना कोणत्या शाळेत हजेरी लावली ते शोधावयाचे!

आमच्या शेजारच्या सोसायटीत पोळ्या करणाऱ्या एक बाई आहेत. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या. नवरा नाही. मुलगा बारावीला होता, गणितात हुशार. त्याला इंजिनिअरिंगला जावयाचे होते. इतर मागासवर्गातला. त्याने सीईटीचा अर्ज स्वतः भरला, पैसे भरले, कॉलेजांची यादी वहीत उतरवली. सारे झाले आणि वैधता अडली. आजोबांच्या शाळेचा उतारा नव्हता.

बाईंनी तीन घरच्या पोळ्यांना सुट्टी सांगितली आणि दहिवडीची एस.टी. धरली. तिथून गावची शाळा. मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशी सांगितले, "जुनी रजिस्टरं माळ्यावर आहेत, उद्या या." बाई गावातच भावकीकडे राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः माळ्यावर चढल्या, रजिस्टरांचा गठ्ठा खाली काढला, झटकला आणि मास्तरांपुढे ठेवला. शाई फिकी झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. पण नाव सापडले. परत आल्यावर त्या मला सांगत होत्या, "मला कुठं वाचाया येतंय, सर? मी मास्तरास्नी म्हनलं, मामंजींचं नाव वाचून दावा. त्यांनी वाचलं. म्हनलं, आणिक एकदा वाचा. मग म्हनलं, आता मारा शिक्का."

मी विचारले, "पोरगा कोणत्या शाखेला जाणार?"

"त्ये त्याचं त्याला ठावं. मला कागुद तेवढा कळतोय."

प्रवेशाच्या बाबतीत आई-बापांच्या मदतीवर मी आजवर जेवढे ऐकले, त्यांत याहून नेमके कोणी काही बोललेले मला आठवत नाही. फॉर्ममधले एक अक्षर या माउलीला वाचता येत नव्हते. तरी तिच्यावाचून तो फॉर्म पुरा झाला नसता; आणि ती तिथेच थांबली, हेही तितकेच महत्त्वाचे.

उलट सुशिक्षित घरांत मी काय पाहतो? पाच वर्षांचे कट-ऑफ रंगीत तक्त्यात मांडलेले असतात, दोन सल्लागारांची फी भरून झालेली असते, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी कळते की उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा आहे. मग सेतू केंद्राकडे पळापळ, आणि रागावले कोणावर जाते? तर पोरावर!

जे आई-बापांना करताच येत नाही

आता दुसरा भाग, पसंतीक्रमाचा. इथे एक खरी हकिगत सांगतो.

ओळखीतले एक निवृत्त बँक अधिकारी. मुलगी दहावीला त्र्याण्णव टक्के मिळवून पास झाली. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कॉलेजात कला शाखेत जावयाचे होते. वडील सावध माणूस. उभी हयात कर्जाची प्रकरणे तपासण्यात गेलेली. त्यांनी फॉर्म स्वतः भरला. ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येई, पासवर्ड त्यांच्याच डायरीत. त्यांनी हिशेब केला की मोठ्या कॉलेजचे काही सांगता येत नाही, तेव्हा घराजवळचे, हमखास मिळणारे कॉलेज पहिल्या नंबरावर टाकावे. मुलीचे कॉलेज तिसऱ्यावर गेले.

पहिली यादी लागली. पहिल्या नंबरचे कॉलेज मिळाले. पेढे घेऊन बापलेक माझ्याकडे आले. बोलता बोलता मी यादी पाहिली, तर मुलीला हवे असलेल्या कॉलेजची यादी तिच्या गुणांच्या दीड टक्का खाली येऊन थांबली होती. ते पहिल्या नंबरावर असते तर मिळाले असते. आता मात्र मार्ग नव्हता. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते.

गृहस्थ गोरेमोरे झाले. "पण मी तिच्या सोयीसाठीच—" असे काहीसे पुटपुटले. मुलगी म्हणाली, "असू दे, बाबा." तेवढेच.

मुलगी त्या कॉलेजात गेली, शिकली, चांगले गुणही मिळवले. आकाश काही कोसळले नाही. पण दोन वर्षांनी बारावीनंतरच्या अर्जांची वेळ आली तेव्हा तिने स्वतःच्या मोबाईलचा नंबर दिला आणि पासवर्ड घरात कोणाला सांगितला नाही. वडील मला म्हणाले, "विचारलं तर म्हणते, बघते मी." कर्जे तपासणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत मी प्रथमच पाणी पाहिले. कॉलेज गेल्याचे ते दुःख नव्हते. मुलगी आता आपल्याला विचारीत नाही, याचे होते.

हिशेब चुकला तो कोठे? पुष्कळांना वाटते की पसंतीक्रम म्हणजे लिलावातली बोली. फार वर बोलावे तर हातचे जाईल. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्र काय करते? गुणवत्ता यादीत ज्याचा नंबर आधी, त्याची यादी ते आधी हाती घेते. वरून खाली एकेक नाव पाहते आणि जिथे त्याला लागू असणारी जागा शिल्लक असेल तिथे त्याला बसवते. पहिले कॉलेज मिळाले नाही म्हणून दुसऱ्याचा हक्क कमी होत नाही. आपल्याला कोणत्या नंबरावर टाकले हे कॉलेजच्या ध्यानीमनीही नसते. तेव्हा 'दुसऱ्या नंबरावर टाकले म्हणून रुसले' असा प्रकार इथे संभवत नाही. लग्न जमविताना संभवतो, इथे नाही.

लग्नाचा दाखला मी उगाच दिला नाही. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे नावच मुळी 'कॉलेज प्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य' अशा अर्थाचे होते! मुलांच्या पसंतीच्या याद्या आणि कॉलेजांच्या गुणवत्तेच्या याद्या समोर ठेवून जागा अशा कशा वाटाव्या की मागाहून कोणाही मुलाला आणि कॉलेजला परस्पर संधान बांधून वाटणी मोडावीशी वाटू नये, याची रीत त्यांनी सांगितली. पुढे इतरांनी सिद्ध केले की या रीतीत अर्जदाराने आपला क्रम खरा लिहिण्यातच त्याचे हित असते. लबाडीने वरखाली करून त्याला कधीच जास्त लाभ होत नाही. शॅप्लींना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल त्याआधी, २००८ मध्ये वारले होते. आपल्याकडे २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटी यांच्या जागांची जी एकत्र वाटणी होते, तीही याच जातीची.

आपल्या अकरावीला एक अडचण आहे. नावे दहाच लिहिता येतात. तेव्हा दहाही स्वप्नातली लिहून चालत नाही. हमखास मिळणारी दोन-तीन हवीतच. पण त्यांची जागा यादीच्या तळाशी. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आणखी एक मेख आहे. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, की तो पक्का. मग पुढच्या फेऱ्या बंद. नियम दरसाल थोडेफार बदलतात, पण त्यांचा रोख एकच असतो: वरती जे लिहाल ते मनापासून लिहा.

आता मुद्दा पाहा. यंत्र विचारते एकच प्रश्न: "तुला काय अधिक हवे?" ज्याला तिथे दोन किंवा चार वर्षे बसावयाचे आहे त्याच्या मनातला क्रम त्याला हवा आहे. बाप कितीही विद्वान असो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊकच नाही ते आपण लिहू नये, हे आपणच मुलांना परीक्षेआधी बजावीत असतो.

कुंपण आधी सांगा

यावर सूज्ञ वाचक विचारतील, "मग पैसे कोणी भरावयाचे? मुलगी म्हणेल नागपूरला जाते, मुलगा म्हणेल वीस लाखांचे कॉलेज हवे, हो म्हणावयाचे?"

मुळीच नाही. पैसा हा पहिल्या भागातला विषय आहे, तो आई-बापांचा. पण त्याची वेळ महत्त्वाची. यादी तयार झाल्यावर "एवढे परवडणार नाही" म्हणणे म्हणजे पान वाढून झाल्यावर ताट ओढणे. आकडा आधी सांगा. "वर्षाला अमुक हजारांपर्यंत आपली ऐपत आहे; कर्ज काढावयाचे तर इतके; वसतिगृहात राहावयाचे तर या गावांत आपली माणसे आहेत." आपली मिळकत मुलांना सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. बाप कर्ज काढील पण पगार सांगणार नाही! पण सोळा वर्षांच्या मुलाला घरचा खरा आकडा सांगितला तर तो पुष्कळदा आपल्याहून शहाणपणाने वागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सवलतीही आधी पाहाव्या. राज्यात २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. मुलीला 'खर्चाच्या मानाने' जवळचे कॉलेज सुचवणाऱ्या किती बापांना हे ठाऊक असते? व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली तर मात्र ही सवलत नाही. अशा गोष्टी शोधून काढणे हे पालकांचे काम.

कुंपण असे आधी घातले की आतल्या बागेत मुलाला मोकळे सोडावे. प्रश्न अवश्य विचारावेत. "हे कॉलेज दुसऱ्यावर का?" "तिथला रोजचा प्रवास करून पाहिलास का?" "मित्र नसता तर हेच लिहिले असतेस का?" प्रश्न विचारून उत्तर ऐकण्याइतके थांबावे, आपणच उत्तर देऊ नये.

कायद्यालाही हा भेद कळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत दोन प्रतिज्ञापत्रे आहेत: एक विद्यार्थ्याचे, एक पालकाचे. दोघांनी वेगवेगळी सही करावयाची. एकाच्या सहीने दुसऱ्याचे काम भागत नाही.

निबंध कोणी लिहावा?

अलीकडे आपल्याकडची बरीच मुले बारावीनंतर थेट अमेरिकेला अर्ज करतात. तिथे गुणांबरोबर मुलाचा स्वतःविषयीचा निबंध मागतात. पुष्कळ कॉलेजांच्या सामाईक अर्जात त्याला ६५० शब्दांची मर्यादा आहे. असे काही निबंध मजकडे वाचावयास आले. सतरा वर्षांचा मुलगा त्यांत पंचेचाळीस वर्षांच्या विक्री-अधिकाऱ्यासारखा बोलत होता. एका मुलाला मी विचारले, "या निबंधातला तुला आवडलेला शब्द कोणता?" तो हसला आणि म्हणाला, "सर, मामाला विचारायला हवं."

ही वाट कोठवर जाते ते २०१९ मध्ये अमेरिकेनेच पाहिले. श्रीमंत आई-बापांनी एका दलालाला पैसे देऊन मुलांच्या प्रवेशपरीक्षेची उत्तरे दुरुस्त करवली, कधी मैदानावर न उतरलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवले. सुमारे पन्नास जणांवर खटले झाले. दलालाला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मला त्यात सर्वांत बोचलेली गोष्ट निराळीच. काही मुलांना याचा पत्ताही नव्हता. आपले गुण आपले आहेत अशा समजुतीने ती बिचारी आनंदात होती.

याच्या उलट एक जुना अर्ज आठवतो, आणि तो आपल्याच घरातला आहे. १८७८ मध्ये कोल्हापुरातून गोपाळराव जोशी या पोस्टातल्या गृहस्थांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले: माझ्या बायकोला शिकवावयाचे आहे, अमेरिकेत काही सोय होईल काय? उत्तर आले ते धर्मांतराच्या उपदेशाचे. पण तो पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापला गेला, १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी आनंदीबाईंशी पत्रांतून मैत्र जोडले. गोपाळराव वयाने पुष्कळ मोठे, आणि बायकोला शिकविण्याचा त्यांचा हट्ट जाच वाटावा इतका टोकाचा होता. तो अनुकरणीय असे कोणी म्हणणार नाही. परंतु वाट त्यांनी उघडली, हे खरे.

पण १८८३ च्या उन्हाळ्यात आनंदीबाई एकट्या अमेरिकेत पोहोचल्या. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला प्रवेशाचा अर्ज करावयाचा होता. तो जून महिन्यात त्यांनी स्वतः लिहिला. गोपाळराव तेव्हा सातासमुद्रांपलीकडे होते. वय अठरा. आपल्याला काय काय येते ते त्यांनी सरळ लिहिले, आपले शिक्षण कॉलेजच्या अटींना पुरेसे नसेल हेही लपविले नाही, आणि हे शिक्षण कोणत्या बायकांसाठी हवे आहे ते सांगितले. कॉलेजने प्रवेश दिला. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या जागी गोपाळरावांनी अर्ज लिहिला असता तर? १८७८ मध्ये लिहिलाच होता. त्याला काय उत्तर आले ते वर सांगितले आहे.

शेजारचे पोर

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'मदत किती करावी' हा प्रश्न पडतो तो मदत करण्याची ताकद असलेल्या घरांना. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढत आहे तिथे हा प्रश्नच नसतो. तिथे मुलगा सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर असतो. कॅफेवाला घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो, फेरीची सूचना त्याच्याकडे जाते आणि मुलाला ती मुदत संपल्यावर कळते. एका शाखेचा क्रमांक चुकतो, एक कागद धूसर अपलोड होतो; गुण असून जागा जाते. अशी किती मुले मी टेबलापलीकडे उभी पाहिली! त्यांच्या चेहऱ्यावर राग नसे; आपलेच काही चुकले असेल अशी समजूत असे.

एका घरात मदत उतू जाते आणि भिंतीपलीकडच्या घरात थेंब नाही. तेव्हा ज्या बापाला आपल्या मुलीचा क्रम लावण्याची अनावर हौस येते, त्याला मी आता सांगतो, "तुमचा तो पाच वर्षांचा तक्ता घ्या आणि तुमच्या वॉचमनच्या मुलाजवळ बसा. नियम समजावून द्या, कागद तपासा, शुद्धलेखन पाहा. क्रम मात्र त्यालाही लावू द्या." वर सांगितलेले बँक अधिकारी गेल्या दोन उन्हाळ्यांत हेच करीत आहेत. चाळीस-एक मुलांचे कागद त्यांनी लावून दिले. त्यांची सावधगिरी तिथे सोन्यासारखी उपयोगी पडली. उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे भरलेले असतील आणि पुष्कळजण गावाकडे निघालेले असतील. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर एवढे करा. गावी म्हाताऱ्या काका-आत्यांपाशी बसून आजोबांच्या शाळेचे नाव विचारून घ्या; ते सांगणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. सुट्टीत शाळा बंद असते, म्हणून शाळा उघडेपर्यंत एखादा दिवस जास्त राहा आणि उतारा घेऊनच या. परतल्यावर मुलाच्या नावाचा ईमेल मुलालाच उघडू द्या, मोबाईलचा नंबर त्याचाच राहू द्या. एखाद्या निवांत संध्याकाळी घरातला खरा आकडा त्याला सांगा. पुढे उन्हाळ्यात यादी लिहावयाची वेळ आली की वही त्याच्या पुढ्यात ठेवा आणि चहा करावयास उठा. चहा सावकाश करा.